‘सहा महिन्यांचा कोर्स करून डोळे तपासतात’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या बघेल त्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तालमीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, अपार्टमेंटच्या ग्रुपवर. म्हणणं असं की ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स करून चष्म्याच्या दुकानात उभा राहिलेला माणूस, त्याला ना डिग्री ना लायसन, भारतात त्यांच्यासाठी कायदाच नाही, परदेशात हेच काम एमबीबीएस झालेले डॉक्टर करतात, वर हे लोक औषधं पण लिहून देतात, आणि आता कॉम्प्युटरच नंबर काढतो म्हटल्यावर ह्यांची गरज काय. शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, इथंच एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात काम करते, त्यामुळं मी कुठल्या बाजूची ते धरूनच वाचा. पण त्या मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती मी लपवणार नाही.

आधी कोर्सचं बघू. बी. ऑप्टोम ही आमची डिग्री, म्हणजे बारावी सायन्सनंतर चार वर्षं, त्यातली तीन कॉलेजची आणि एक पूर्ण वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीरशास्त्र, बायोकेमिस्ट्री आणि ऑप्टिक्स, ऑप्टिक्स म्हणजे बारावीत ज्या लेन्सच्या गणितांना आपण घाबरतो तीच पण दहापट. पुढं डोळ्यांचे आजार, फार्माकोलॉजी, कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणा आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ, लहान मुलांची तपासणी, लो व्हिजन म्हणजे चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्यांना मदत. चेन्नईत शंकर नेत्रालयाचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५ पासून चार वर्षांची डिग्री शिकवतंय. म्हणजे हे काल उगवलेलं प्रकरण नाही.

मग सहा महिने आले कुठून? माझा अंदाज, दुकानातल्या कामातनं. काच घासून फ्रेमला बसवणं, फिटिंग, नाकावर चष्मा नीट बसतोय का बघणं, हे काम लोक छोटा कोर्स करून किंवा नुसतं वडिलांच्या हाताखाली शिकतात, आणि त्यातले बरेच जण अव्वल कारागीर आहेत. आपल्या महाद्वार रोडला, राजारामपुरीत अशी दुकानं किती आहेत ती मोजत बसायला नको. पण तो ऑप्टिशियन झाला, ऑप्टोमेट्रिस्ट वेगळा आणि डोळ्यांचा डॉक्टर, जो एमबीबीएस करून वर नेत्रविकारात एमएस किंवा डिप्लोमा करतो, तो आणखी वेगळा. आणि चौथा म्हणजे तुम्हाला फ्रेम दाखवणारा सेल्समन. पांढरा कोट घातला की चौघंही सारखेच दिसतात, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी तीच गल्लत केलीय.

खरं तर पाचवा पण आहे, तो कुणाला आठवतच नाही. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्यासारख्या भागात सरकारी ग्रामीण रुग्णालयात जो नेत्र चिकित्सा अधिकारी असतो तो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचा मोतीबिंदू शोधून त्यांना ऑपरेशनला पाठवायचं काम ह्या लोकांनी केलंय. तोही एमबीबीएस नसतो, पण त्याच्यावर कुणी मेसेज काढत नाही.

आता ती अर्धी खरी गोष्ट, कायद्याची. आपल्याकडं चष्म्याचं दुकान टाकायला ऑप्टोमेट्रीची डिग्री लागत नाही. गुमास्ता काढला, जीएसटी घेतला, बोर्ड लावला, झालं. आणि वर्षानुवर्षं डॉक्टरांना कौन्सिल, फार्मसिस्टना कौन्सिल, नर्सेसना कौन्सिल आणि आम्हाला केंद्राचं काहीच नाही अशी अवस्था होती. ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडिया नावाची संस्था आहे पण ती व्यवसायातल्याच लोकांनी उभी केलेली, कायद्यानं स्थापन झालेली नव्हे, तिथं नाव नोंदवणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तेव्हा हा मेसेज २०२० साली आला असता तर मी मान खाली घालून गप्प बसले असते.

पण २०२१ मध्ये संसदेनं नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, लॅबवाले, रेडिओलॉजीवाले अशा दहा गटांत आम्हीही आहोत, नेत्रविज्ञानाच्या गटात ऑप्टोमेट्रिस्ट असं नाव घेऊन लिहिलंय. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली डिग्री पाहिजे असं तिथं आहे. सहा महिन्यांत ३६०० तास बसवायचे म्हटलं तर रोज वीस तास शिकायला लागेल, रविवार धरून. त्यात राज्यांनी आपापलं कौन्सिल काढायचं, रजिस्टर ठेवायचं, आणि रजिस्टरला नाव नसताना प्रॅक्टिस केली तर पन्नास हजारांपर्यंत दंड.

अंमलबजावणी मात्र रखडली, हे मान्य. इतकी रखडली की ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्राला आणि राज्यांना सांगावं लागलं की १२ ऑक्टोबरपर्यंत हे कामाला लावा. म्हणजे ‘कायदा नाही’ हे खोटं, ‘कायद्याची घडी अजून नीट बसलेली नाही’ असं लिहिलं असतं तर मीच तो मेसेज पुढं ढकलला असता.

परदेशाचं वाक्य तर कुणीतरी मनानंच लिहिलंय. इंग्लंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट एमबीबीएस नसतो, तो ऑप्टोमेट्रीच शिकलेला असतो. फरक एवढाच की तिथं १९५८ च्या कायद्यानं जनरल ऑप्टिकल कौन्सिल आलं, आणि नजर तपासायचं काम रजिस्टर असलेला ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डॉक्टर ह्या दोघांनीच करायचं असा नियम आहे. अमेरिकेत ग्रॅज्युएशननंतर चार वर्षं शिकून ओडी म्हणजे डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री ही डिग्री मिळते, राज्याचं लायसन लागतं, आणि तिथं ते डोळ्यांची काही औषधंही लिहून देतात. तरी ते सर्जन नव्हेत, मेडिकल कॉलेजला गेलेलेही नव्हेत.

औषधांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि ह्यात मी मेसेजवाल्याच्या बाजूनं जरा झुकते. आपल्याकडं ऑप्टोमेट्रिस्टनं औषधोपचार करायचे नसतात. हॉस्पिटलात डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाहुली मोठी करायचे थेंब आम्ही टाकतो, ते तपासणीसाठी. कुणी दुकानात बसून अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडचे ड्रॉप लिहून देत असेल तर ते चूकच, तो कितीही शिकलेला असू दे.

आणि आपल्या जिल्ह्यात ह्याचं कारण शेतात उभं आहे. ऊसतोडीच्या हंगामात उसाचं पान डोळ्याला लागून येणारे पेशंट आम्ही बघतो. पानाची धार बुबुळाला लागली की त्यातनं बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि घरातला कुणीतरी म्हणतो, अगं गेल्या वेळचे ड्रॉप आहेत की, टाक. त्यात स्टेरॉइड असलं तर डोळा दोन दिवस बरा वाटतो, लाली उतरते, आणि आत बुरशी मोकाट वाढते. हे ड्रॉप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचेच नसतात, तरी मेडिकलमधनं तोंडी सांगून आणले जातात. त्या पेशंटला दुकानदारानं, ऑप्टोमेट्रिस्टनं, शेजाऱ्यानं, कुणीच काही घालायचं नाही, सरळ डॉक्टरकडं. शिरोली एमआयडीसीत ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण गेला तरी तेच, रुमालाच्या टोकानं काढायला जाऊ नका. आमच्या शिक्षणातला मोठा भाग हाच असतो, कुठं आपण थांबायचं आणि कुणाला लगेच पाठवायचं.

राहिला कॉम्प्युटर. ते ऑटोरिफ्रॅक्टोमीटर मशीन अंदाज देतं, चष्मा देत नाही. दुसरी-तिसरीतलं पोरगं मशीनमध्ये बघताना डोळ्यावर ताण घेतं आणि मायनस नंबर जास्त दाखवला जातो, तसाच कागद घेऊन चष्मा केला की पोरगं डोकं दुखतंय म्हणून चष्मा दप्तरात ठेवतं आणि आई त्यालाच ओरडते. म्हणून लहान मुलांना थेंब घालून, रेटिनोस्कोपनं, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर बघायच्या हातातल्या उपकरणानं तपासतात, मग समोर काचा बदलत ‘हे बरं का ते बरं’ विचारतात. मोठ्यांचं वेगळंच, शुगर चढलेली असताना केलेला नंबर शुगर उतरल्यावर बदलतो, आणि पेशंट म्हणतो दुकानवाल्यानं फसवलं. मशीन शुगर विचारत नाही. काचबिंदूत तर माणसाला सगळं स्पष्ट दिसत असतं, नंबरही बरोबर निघतो, आणि बाजूची नजर हळूहळू गेलेली असते.

तेव्हा दुकानात टेस्टिंगला बसलात तर बिनधास्त विचारा, तुम्ही ऑप्टोमेट्रिस्ट आहात का, डिग्री कुठली, इंटर्नशिप कुठं केली. शिकलेल्या माणसाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. चाळिशीनंतर ड्रायव्हिंग लायसनला जे मेडिकल सर्टिफिकेट लागतं त्यावर मात्र आमची सही चालत नाही, त्याला डॉक्टरच पाहिजे, उगाच आमच्याशी वाद घालू नका. अचानक दिसायचं कमी झालं, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं, विजा चमकल्या, डोळा लाल होऊन ठणकतोय, तर चष्म्याच्या दुकानात जायचंच नाही, डॉक्टर गाठायचा, खर्चाची अडचण असेल तर आपलं सरकारी सीपीआर हॉस्पिटल आहे. डायबेटिस असेल तर वर्षातनं एकदा डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्यायचा, नंबर बदलो न बदलो.

आणि टेस्टिंग फ्री असलं तरी नंबरचा कागद मागून घ्या, त्यावर दोन बाहुल्यांमधलं अंतर पण लिहून द्या म्हणा. चष्मा तिथंच करायची सक्ती नसते.