हातचा एक घ्यायचा, पण बोटे मोजायची नाहीत?

‘बोटांवर मोजणारे मूल पुढे गणितात कच्चे राहते, म्हणून पहिलीतच ही सवय मोडा, हवे तर हात मागे बांधायला लावून बेरजा करून घ्या’ अशा आशयाचा मजकूर पालकांच्या गटांत वारंवार फिरत असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ तीन कारणे दिली जातात: बोटे वापरल्याने मेंदू आळसावतो, बोटे दहाच असल्याने मोठ्या संख्या जमत नाहीत आणि हुशार मुले बोटांवर मोजत नाहीत.

पहिले कारण वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. जोसेफ गेर्स्टमान या व्हिएन्नातील मेंदूतज्ज्ञाने 1924 साली स्वतःच्या हाताची बोटे ओळखता न येणाऱ्या एका रुग्णाची नोंद केली. बोटांची ओळख जाणे आणि आकडेमोड बिघडणे या गोष्टी एकत्र आढळू शकतात, हे पुढे त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्षणसमूहात नोंदले गेले. 8 ते 13 वर्षांच्या मुलांच्या मेंदूचित्रणाचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही वजाबाकी करताना बोटांच्या संवेदनेशी निगडित भाग सक्रिय झालेला दिसला. संगणकावर कंट्रोल आणि एस दाबून काम जतन करणारा माणूस त्या कळा शोधत बसत नाही, एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे तर्जनीला लागले की बाकीची बोटे आपापल्या जागी जातात. याला आपण सराव म्हणतो, आळस म्हणत नाही.

‘बोटे दहाच’ हे म्हणणारा बहुधा जपाला बसलेल्या आजीच्या शेजारी कधी बसलेला नाही. आपल्याकडे बोटे नव्हे, पेरे मोजतात. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरे होतात, अंगठ्याचे टोक त्यांवरून फिरवले की एका हातावर डझन पुरा होतो, आणि दर डझनाला दुसऱ्या हाताचे एक बोट मिटले तर साठापर्यंत मोजता येते. प्रत्येक बोट उघडे किंवा मिटलेले एवढाच भेद धरून त्यांना एक, दोन, चार, आठ, सोळा अशा चढत्या किमती दिल्या, म्हणजे संगणकाचीच द्विमान पद्धत वापरली, तर दोन्ही हातांवर 1023 पर्यंत जाता येते. इंग्लंडमधील बीड या धर्मगुरूने 725 सालच्या ग्रंथात बोटांच्या मुद्रांनी 9999 पर्यंत संख्या दाखवण्याची रीत लिहून ठेवली आहे.

गुणाकारही बसतो. सात आठे किती? पाचाच्या वर सातात दोन, म्हणून एका हाताची दोन बोटे उघडा. आठात तीन, म्हणून दुसऱ्याची तीन. उघडी बोटे पाच, म्हणजे पन्नास. मिटलेली एका हातावर तीन आणि दुसऱ्यावर दोन, त्यांचा गुणाकार सहा. छप्पन्न. यासाठी पाचापर्यंतचे पाढे यावे लागतात, एवढीच अट.

तिसऱ्या कारणात थोडे तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. चौथीतले मूल आठ अधिक पाच करताना प्रत्येक वेळी एकापासून तेरापर्यंत बोटे मोजत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे. मात्र याचा उपाय बोटे बांधणे हा नाही, पुढची पायरी दाखवणे हा आहे. आठ मनात, पाच हातात: नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. त्यानंतर पाचातले दोन आठाला देऊन दहा करायचे आणि उरलेले तीन मिळवायचे. ही पायरी अंगवळणी पडली की बोटे बहुधा आपोआप मागे पडतात. (बेरजेत पुढच्या घरात न्यायच्या आकड्याला मराठीत ‘हातचा’ म्हणतात, हे तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.) गंमत म्हणजे बोटांवर मोजले म्हणून दटावणारे काही पालक मुलांना फी भरून ॲबॅकसच्या वर्गाला घालतात, आणि तिथे मुले हवेत बोटे हलवून न दिसणारे मणी सरकवतात, तेव्हा त्याचे कौतुक होते.

राहिला हात बांधण्याचा सल्ला. दटावलेले मूल बोटे सोडत नाही, ती बाकाखाली नेते. समोर उघड्या पाच बोटांवरून ते एकापासून मोजते आहे की आठापासून, हे शिक्षकाला लगेच दिसते. बाकाखालच्या बोटांवरून काहीच दिसत नाही, आणि वहीत चुकलेले उत्तर तेवढे उरते.