कडुनिंबाचा अर्क आणि विहिरीचे पाणी

तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. अजूनही विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणे येते आणि मी हौसेने जातो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्पर्धेत आरोग्य व जीवशास्त्र विभागाचे फलक पाहत फिरत असताना निम्म्याहून अधिक फलकांवर मला एकच छायाचित्र दिसले. पेट्री डिशमध्ये वाढवलेले जिवाणू, मध्ये पाडलेले खळगे, त्यांत घातलेला कुठल्या तरी पाल्याचा अर्क आणि भोवती दिसणारे स्वच्छ वर्तुळ. कडुनिंब, तुळस, अडुळसा, निर्गुडी, शेवगा. ज्यांच्या मार्गदर्शकांना अधिक उत्साह होता, त्यांनी त्याच पाल्यापासून चांदीचे नॅनोकण बनवून पुन्हा तेच वर्तुळ मोजले होते. कडुनिंबाच्या अर्काने पेट्री डिशमधले जिवाणू मरतात हे आता इतक्या वेळा सिद्ध झाले आहे की, ते मरायचे थांबले तरच बातमी व्हावी.

हे मी चेष्टेने लिहितो आहे खरे, पण या चेष्टेचा पहिला मानकरी मीच आहे, कारण असे किमान वीस प्रकल्प मी स्वतः करवून घेतले आहेत. त्याकडे शेवटी येतो.

आपल्याकडे संशोधनाच्या विविधतेविषयी बोलताना विषयांची यादी वाचून दाखवण्याची पद्धत आहे. आरोग्य, जैवतंत्रज्ञान, पदार्थविज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, शेती असे विभाग आहेत, प्रत्येकात अमुक शोधनिबंध निघाले, म्हणजे विविधता आहे असे मानले जाते. मला हे मोजमापच चुकीचे वाटते. दहा विभागांत दहा प्रकारची उपकरणे असूनही सगळ्यांनी आपला प्रश्न आधीच छापून आलेल्या निबंधातून उचलला असेल, तर तिथे विविधता नाही, एकच पीक दहा वाफ्यांत लावलेले आहे. विविधता पाहायची असेल, तर प्रश्न कुठून आला हे पाहावे.

महाडचे उदाहरण माझ्या पिढीतल्या शिक्षकांना पाठ आहे, तरीही ते पुन्हा सांगावेसे वाटते. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातला तांबडा विंचू चावलेली माणसे, त्यांत लहान मुले पुष्कळ, त्यांच्यासमोर घाम फुटून, थंडगार पडून, फुप्फुसांत पाणी भरून मरत होती. पाठ्यपुस्तकात विंचूदंश हा वेदनेचा विषय होता, मृत्यूचा नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून तासातासाला काय घडते याची नोंद ठेवली आणि 1982 साली ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या भाराखाली थकते, हे लक्षात आल्यावर रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, तोंडाने घेण्याचे औषध त्यांनी वापरून पाहिले. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण पुढे अगदी थोडक्यावर आले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे काम पुढे चालू ठेवले आणि 2011 साली नुसते प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष यांची तुलना करणारी रीतसर चाचणी महाडमध्येच करून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली.

या कामात नवे उपकरण नव्हते, नवे रसायन नव्हते. नवा होता तो प्रश्न, आणि तो बिरवाडीखेरीज दुसरीकडे फारसा सुचला नसता. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात असा रुग्ण क्वचित पोहोचायचा आणि लंडन-बोस्टनला तो विंचूच नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थानिक प्रश्न म्हणजे सैल संशोधन, ‘गावपातळीवरचा उपक्रम’, फोटोसह अहवाल असे समीकरण आपल्या विद्यापीठांत रुजले आहे. गडचिरोलीचे काम वाचले की ते गळून पडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जानेवारी 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी होती आणि त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच विषय समजला जाई, कारण सरकारी कार्यक्रम तेवढाच होता आणि निधीही तेवढ्यालाच मिळे. पुढे नवजात बालकांच्या मृत्यूचा प्रश्न घेतला, तेव्हा 39 गावांत गावातल्याच स्त्रीला प्रशिक्षण देऊन घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर सुमारे 25पर्यंत आला, तुलनेच्या गावांत मात्र तो जवळजवळ जिथल्या तिथे राहिला. हा निबंध डिसेंबर 1999 मध्ये आला. 2011पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे. अक्षरओळख नसलेल्या दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचा श्वासमापक बनवणे आणि 86 गावांत प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यूची नोंद काटेकोर ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या कामात होत्या. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक कठीण आहे आणि तिचे कौतुक मात्र कमी होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम वेगळ्या वाटेने त्याच जागी येते. मधुमेह हा लठ्ठ माणसांचा आजार, हे पाश्चात्त्य देशांतले समीकरण त्यांच्या रुग्णांना लागू पडत नव्हते, कारण समोर येणारी माणसे किडकिडीत होती. 2004 साली त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःची दोघांची छायाचित्रे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, 22.3, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. एका चित्राने वादाचा निकाल लावल्याची उदाहरणे विज्ञानात थोडी असतात, त्यांतले हे एक. त्याच्या मागे 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत चाललेला गरोदर मातांचा अभ्यास होता. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-12 कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक दिसले. सहा वर्षे थांबून मूल मोठे होऊ द्यावे लागते, तेव्हा हे एक वाक्य लिहिता येते. आपल्या मूल्यमापनाच्या कुठल्या तक्त्यात ही सहा वर्षे मांडायची, हे मला कोणी सांगावे.

आता कोणी म्हणेल की, मग सगळे संशोधन गावाच्या उपयोगाचेच असावे असे तुमचे म्हणणे दिसते. तसे मुळीच नाही. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिने एकाही शेतकऱ्याचा प्रश्न सोडवलेला नाही आणि तिने तो सोडवावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. तिच्याकडे मी वेगळ्या कारणाने पाहतो. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या भरीव पत्र्याच्या करायच्या म्हटल्या, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी बसवण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो, आणि खोडदला बर्फ पडत नसल्याने जाळीवर ओझे साचण्याची भीती नाही. लांब तरंगलांबीच्या लहरींना एवढी जाळी पुरते. श्रीमंत देश उंच वारंवारितेच्या मागे लागलेले असताना इथल्या मंडळींनी मुद्दाम खालच्या वारंवारितेचे आकाश निवडले, म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आज वेळ मागायला तिथे येतात. इथे प्रश्न विश्वाचा असला, तरी त्याचे उत्तर शोधण्याची रीत इथल्या हवेतून आणि इथल्या खिशातून आली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत मेंढ्यांवर झालेले काम मला या सर्वांत लोभस वाटते. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालमधल्या सुंदरबनातली गरोळ जातीची लहानखुरी मेंढी जुळी देते, आणि त्यामागे एकच जनुक आहे. हेच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांसोबत ऑस्ट्रेलियात पोहोचले आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत प्रसिद्ध झाले. म्हणजे ऑस्ट्रेलियाचे म्हणून ज्याचे कौतुक झाले, ते मूळचे आपल्या शेजारच्या दलदलीतले निघाले. फलटणला ते जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणले गेले आणि धनगरांच्या कळपांत नेऊन पारखले गेले. चालत्या कळपात जुळी कोकरे जगतात का, आईला दूध पुरते का, हे प्रयोगशाळेत कळण्यासारखे नव्हते.

मग असे काम दुर्मीळ का आणि कडुनिंबाचे वर्तुळ सर्वत्र का? आळस हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी एपीआय ही गुणपद्धती आणली आणि शोधनिबंध हे गुणांचे नाणे झाले. ज्याच्या विभागात एक इन्क्युबेटर आणि एक ऑटोक्लेव्ह आहे, आठवड्याला सोळा-अठरा तासिका आहेत आणि निधी जवळपास शून्य आहे, तो माणूस तीन महिन्यांत संपणारा, अपयशी न ठरणारा आणि छापून येण्याची खात्री असलेला विषयच निवडणार. त्या मागणीला पुरवठा करणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. 2018 साली आयोगाने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून 4305 नियतकालिके वगळली, यावरून एकंदर चित्राची कल्पना यावी. त्यानंतर केअर नावाची नवी यादी आली आणि 2025 मध्ये तीही गुंडाळली गेली. याद्या बदलत राहिल्या, गुणांची भूक तशीच राहिली.

हा रोग आपल्या तालुक्यापुरता आहे असेही नाही. करोनाच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून यंत्राद्वारे निदान करण्याचे दावे करणारे निबंध जगभर निघाले. केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 साली अशा 2212 अभ्यासांची छाननी केली. गुणवत्तेच्या निकषांवर त्यांतले 62 टिकले आणि रुग्णालयात वापरण्याजोगा त्यांतला एकही निघाला नाही. इंटरनेटवर फुकट मिळणारे तेच चित्रसंच पुष्कळांनी वापरले होते. काहींनी तर निरोगी किंवा अन्य न्यूमोनियाच्या नमुन्यांसाठी लहान मुलांचे एक्स-रे घेतले होते, त्यामुळे यंत्र करोना ओळखायला शिकले की मूल आणि मोठा माणूस यांतला फरक ओळखायला शिकले, हे सांगणे कठीण झाले. ज्यांनी हे केले, त्यांच्याकडे महागडे संगणक होते. नव्हता तो आपल्या शेजारच्या रुग्णालयातल्या क्ष-किरण तंत्रज्ञाशी झालेला अर्ध्या तासाचा संवाद.

आता माझी गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी स्वतः विषय आणला होता. तिच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर अकरा विहिरी होत्या. पहिला पाऊस पडला की जुलाबाचे रुग्ण वाढतात, पण सगळ्या वस्त्यांवर सारखे वाढत नाहीत, असे तिच्या आईचे निरीक्षण होते. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकतो ती नेमकी कोणत्या विहिरीत, किती वेळा टाकतो, कठडा असलेल्या आणि नसलेल्या विहिरींत काय फरक पडतो, हे तिला दर महिन्याला नमुने घेऊन वर्षभर तपासायचे होते. वहीच्या शेवटच्या पानावर तिने विहिरींची यादी केली होती. देवळामागची, वरल्या आळीची, शाळेची, ओढ्याकाठची, बेघर वस्तीवरची.

मी तिला म्हणालो, “वर्ष लागेल, आणि निष्कर्ष निघेलच असे नाही. तू निर्गुडी घे.” तिने निर्गुडी घेतली. वर्तुळ आले, निबंध छापून आला, त्यावर माझेही नाव आहे. तो निबंध कोणी कधी वाचला असेल, असे मला वाटत नाही. विहिरींची तपासणी मात्र त्या वर्षी झाली नाही आणि नंतरही झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

या दिवाळीत ती भेटली, शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मी विषय काढला, तेव्हा तिला अकराच्या अकरा विहिरींची नावे तोंडपाठ होती. त्यांतल्या दोन आता बुजवल्या आहेत, असेही तिने सांगितले. मी ती यादी घेऊन आमच्या जुन्या विभागात गेलो. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिली अडचण सांगितली ती अशी की, बारा महिन्यांचा प्रकल्प सहा महिन्यांच्या सत्रात बसत नाही. मग बराच वेळ बोलून असे ठरले की, एका तुकडीने पहिले सहा महिने करावेत आणि दुसरीने तीच नोंदवही पुढे चालवावी. निबंध निघेल की नाही, हे कोणी विचारले नाही, मीही काढले नाही. नऊ विहिरींचे पहिले नमुने मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस पडण्याआधी घ्यायचे आहेत, आणि नमुन्यांच्या बाटल्या निर्जंतुक करून देण्याचे काम मी मागून घेतले आहे.