बलक म्हणजे पिल्लू नव्हे, मामा

श्रावण लागला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. यंदा विट्याच्या मामांनी टाकला. थोडक्यात म्हणणं असं: अंड्यातला पिवळा बलक हेच पिल्लू, पांढरा दोरा ही त्याची नाळ, लाल ठिपका हे त्याचं हृदय, विकणारे थंडीत ठेवून त्याला मारतात आणि मग आपल्याला देतात. शिवाय टोकदार अंड्यात कोंबडा, गोल अंड्यात कोंबडी.

श्रावणात अंडी खाऊ नयेत असं कुणाला वाटत असेल तर जरूर खाऊ नयेत, आमच्याही घरी महिनाभर बंद असतात. पण मी तासगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि हे कारण काही मला गिळवत नाही.

आधी बलक. बलक ही पिल्लाची शिदोरी. पिल्लू होतं ते बलकावरच्या बारीक पांढरट ठिपक्यापासून. बाजारातलं अंडं बशीत फोडून पाहा: दोन-तीन मिलिमीटरचा, कडा वेड्यावाकड्या असलेला भरीव ठिपका दिसेल. घरी कोंबडा असलेल्या खुराड्यातलं अंडं फोडलंत तर ठिपका जरा मोठा आणि गोल कड्यासारखा असतो, मधे फिकट. फलित अंडं ओळखायची ही खूण.

आता बाजारातल्या अंड्यात ती खूण का नसते, हे मामांना मी सांगायला नको. विट्याच्या आसपास लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, एवढ्या पोल्ट्र्या आहेत, एखाद्या शेडमध्ये कोंबडा आरवताना ऐकलाय का? कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते. बीज फळलंच नाही तर गर्भ कुठून येणार, आणि नसलेल्या गर्भाला थंडीने मारणार तरी कसं?

गावरान अंड्याची गोष्ट वेगळी, तिथे मेसेज चार आणे खरा आहे. फलित अंडं कोंबडीच्या पोटात साधारण एक दिवस असतं, आणि त्या दिवसातच एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं सुरू होतं. बेडकाचं अंडं अख्खं चिरत जातं. कोंबडीचं तसं नाही. बलक एवढा मोठा की तो चिरला जातच नाही, फक्त वरचा ठिपका विभागतो. अंडं बाहेर पडेपर्यंत तिथे हजारो पेशींची पातळ चकती झालेली असते. त्यात ना डोळा, ना चोच, ना काळीज. बाहेर गार लागलं की काम थांबतं.

पुढचं सगळं उबेवर. साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली की पहिल्याच दिवसात चकतीवर एक रेघ उमटते, पेशी त्या रेघेतून आत शिरतात आणि तीन थर तयार होतात. वरच्यातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त, हृदय, आतल्यातून आतडी. (हे थर १८१७ मध्ये ख्रिश्चन पांडर यांनी दाखवले, तेही कोंबडीच्याच अंड्यात.) हृदय धडधडतं ते दुसऱ्या दिवशी. पिल्लू बाहेर येतं एकविसाव्या.

मग लाल ठिपका? बलक अंडाशयातून सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्ताचा थेंब चिकटतो. कोंबडा नसलेल्या शेडमधल्या अंड्यातही तो सापडतो. गर्भाचं रक्त वेगळं दिसतं, ते मी एकदा पाहिलंय. आमची एक कोंबडी कडब्याच्या गंजीमागे गुपचूप खुडूक बसली होती. सासूबाईंना चार अंडी सापडली, त्यांतलं एक मी ऑम्लेटसाठी फोडलं. बलकावर लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं, आणि मधे काहीतरी फुरफुरत होतं. त्या दिवशी ऑम्लेट झालं नाही.

आणि पांढरा दोरा नाळ नाही. ती पिळलेल्या प्रथिनाची दोरी, बलक मधोमध धरून ठेवणारी. ती प्रत्येक अंड्यात असते, उलट ताज्या अंड्यात जास्त ठसठशीत दिसते.

थंडीबद्दल एक कबुली. उबवणुकीची फलित अंडी पंधरा-अठरा अंशांत आठवडाभर ठेवतात, तिथे गर्भ मरत नाही, थांबतो. घरच्या फ्रीजची थंडी त्याहून कडक. तिथे बरेच दिवस राहिलेलं फलित अंडं बहुधा उबत नाही. पण हे फलित अंड्याबद्दल झालं, दुकानातल्या ट्रेबद्दल नाही. टोकदार-गोलचं तर सोडाच. कोंबडा की कोंबडी हे कवच चढायच्या आधीच आईच्या बीजात ठरलेलं असतं.

मामांनी लगेच बशीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ठिपका कुठाय?" मामा, बलक पालथा पडलाय. फोडण्याआधी अंडं चार-पाच मिनिटं आडवं ठेवा, ठिपका आपोआप वर येतो. मग न हलवता वरचंच कवच टिचकून काढा.