दहा टक्क्यांच्या आतलं शहाणपण

पुण्यातल्या प्राध्यापक मित्रमंडळींशी फोनवर बोलताना सध्या दोनच विषय निघतात. आमचं कॉलेज 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये बसतं का, आणि प्रबंधाचे टक्के. पहिली म्हणजे संशोधन नियतकालिकं संस्थांना ऑनलाइन वाचायला देणारी योजना; केंद्राने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. योजना चांगलीच आहे, पण सरकारी संस्थांपुरती; खासगी विनाअनुदानितवाले हात चोळत बसलेत. टक्के म्हणजे यूजीसीचा, विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम. सॉफ्टवेअरने मोजलेला, इतरांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर १० टक्क्यांच्या आत असला की प्रबंध सुटला. म्हणून 'प्लॅगरिझम काढून मिळेल' हा धंदा जोरात आहे. शब्द फिरवायचे, टक्के उतरवायचे. ज्या लेखातून उचललं तो भरवशाचा होता का, हे सॉफ्टवेअर विचारत नाही, गाईडही क्वचितच.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकवते. इथे सत्राच्या सुरुवातीला ग्रंथपाल वर्गावर येऊन तास घेतात. यंदा बाईंनी पडद्यावर दोन वेबसाइट लावल्या, 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स' आणि 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअ‍ॅट्रिशियन्स'. दोन्ही नावं भारदस्त, दोन्हीकडे डॉक्टर, खाली संदर्भांची यादी. पोरं 'आमच्याविषयी' वाचत बसली, कुणी लोगो न्याहाळला. बाईंनी तिथलं काहीच वाचलं नाही. नवी टॅब उघडली, संस्थेचं नाव टाकलं आणि बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. झालं काम. पहिली १९३० ची, साठ हजारांवर सभासदांची. दुसरी म्हणजे समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला पहिलीने दिलेला पाठिंबा न पटल्याने २००२ मध्ये बाहेर पडलेल्या डॉक्टरांचा छोटा गट.

ही जोडी बाईंनी सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षण-संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासातून घेतली होती. त्यात स्टॅनफर्डच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरीच संस्था जास्त विश्वासार्ह वाटली. इतिहासाचे काही प्राध्यापकही गोंधळले. व्यावसायिक फॅक्ट-चेकर तेवढे चटकन पानाबाहेर पडले आणि बरोबर ठरले. 'तुमच्याकडे काय बाबा, सगळं भारी' म्हणणाऱ्यांना मी हाच दाखला देते. स्टॅनफर्डला जर्नल्सची ददात नव्हती, पैशाची तर नव्हतीच.

त्यामुळे १३,००० नियतकालिकांचं कौतुक मला बेताचंच वाटतं. अपेक्षित प्रश्नांच्या तयार उत्तरांवर वाढलेल्या मुलाला एकदम एवढं भांडार उघडून दिलं, तर तो पहिला निकाल उचलणार किंवा चॅटजीपीटीला विचारणार. आणि चॅटजीपीटीने मनाने रचलेला संदर्भ तर कशाशीच जुळत नाही! टक्क्यांच्या चाळणीतून तो सगळ्यात आधी सुटेल.

यूजीसीच्या वेतनश्रेणीत कॉलेजचा ग्रंथपाल सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीने बसतो. आपण त्याला देवघेवीच्या खिडकीत बसवतो आणि कॉलेजला श्रेणी देणारं नॅक आलं की फायली लावायला पळवतो. स्रोत पारखायला शिकवण्यासाठी त्याला वेळापत्रकात दर सत्राला चार तास द्या, तेही गुणांसकट. गुण नसले तर वर्गात कोण बसणार, हे मलाही ठाऊक आहे.