भाजीवाल्या ताईचं उत्तर

मागच्या आठवड्यात ‘अळंबीचा अर्क आणि मेंदूतली सूज’ हा लेख टाकला होता, हेरिसियम आणि रेशी या दोन अळंब्यांच्या अर्कावरचा. त्यावर निपाणीच्या एका निवृत्त सरांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रयोग सगळे काचेच्या बशीतले नाहीतर उंदरांवरचे, जपानची चाचणी फक्त 30 माणसांची, एक रसायन मी भलत्याच जागी दाखवलंय. आणि शेवटी हे वाक्य: “ताई, भाजीवाल्यांनी भाजी विकावी, मेंदूवर लिहू नये.”

सर, शेवटापासूनच सुरुवात करते.

होय, भाजीवाली आहे मी. खानापूर तालुक्यात 11 वर्षं धिंगरी अळंबी पिकवते आणि आठवड्याला दोनदा बेळगावात नेऊन विकते. त्याआधी वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, हे आजवर या ब्लॉगवर कुठं लिहिलं नव्हतं, कारण लिहायची वेळ कुणी आणली नव्हती. तुम्ही आणलीत. धिंगरीसाठी भाताचं पिंजर रात्रभर भिजवून गरम पाण्यातून काढलं की मुठीत दाबून बघायचं असतं: पाणी ठिबकता कामा नये, पण तळव्याला ओल लागली पाहिजे. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. पिंजर भरलेल्या पिशवीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला की ती पिशवी तेव्हाच खोलीबाहेर काढते. संध्याकाळपर्यंत राहिली तर शेजारच्याही जातात. एक बुरशी दुसरीला कशी मारते, ते मी रोज सकाळी चहाच्या आधी बघते. तुम्ही किती वेळा बघितलंय, सर?

आणि ‘धंद्यासाठी लिहिलंय’ असा जो वास तुमच्या वाक्याला येतो, त्याबद्दल. मी विकते धिंगरी. लेख होता हेरिसियम आणि रेशीवर. दोन हिवाळ्यांमागे हौस म्हणून हेरिसियमच्या 20 पिशव्या भरल्या होत्या, लाकडाच्या भुश्श्याच्या. सहा आल्या. पांढऱ्याशुभ्र, शेवया वाळत घातल्यासारख्या लोंबणाऱ्या. काढायला दोन दिवस उशीर झाला तर टोकं पिवळी पडली. सहाच्या सहा घरात खाल्ल्या. हा माझा धंदा.

आमच्याकडे कुणाला ‘ताई’ म्हटलं की पुढचं वाक्य जरा सांभाळून येतं. निपाणी काही इतकी लांब नाही की तिथं ही रीत पोचली नसेल. भाव पाडून मागणारी गिऱ्हाइकंसुद्धा माझ्याशी याहून बरं बोलतात, आणि त्यांच्या पिशवीत निदान काही पडतं तरी.

आता चूक. हेरिसियममधलं हेरिसेनोन नावाचं रसायन कवकजालात, म्हणजे बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यात असतं असं मी लिहिलं, ते चुकलं. हेरिसेनोन फळात, म्हणजे आपण खातो त्या भागात मिळतं. कवकजालात मिळतं ते एरिनेसिन. दोन्ही जपानच्या हिरोकाझु कावागिशींनी 1990 च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत वेगळी काढली. माझ्या हातून नावांची अदलाबदल झाली. छोटी चूक आहे, पण माझीच आहे, आभारी आहे. (बाजारातल्या कॅप्सुलात फळाची पूड आहे की जाळ्याची, हे बघणाऱ्याला यानं फरक पडतो असं तुम्ही लिहिलंय. पडत असेल.)

बशीतल्या पेशींचं म्हणाल तर मी काही लपवलेलं नाही. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगांनी त्या 1919 मध्ये वेगळ्या ओळखून दाखवल्या. जिवाणूंच्या भिंतीतलं लिपोपॉलिसॅकराइड त्यांच्यावर टाकलं की त्या खवळतात आणि नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा असलं सूज वाढवणारं काहीबाही सोडू लागतात. अर्क घातला तर ते कमी सुटतं. एवढंच मी लिहिलं होतं, आणि ‘उंदीर’ हा शब्द लेखात सात वेळा आहे, काल मोजून बघितलं. पोटात गेलेला अर्क मेंदूपर्यंत पोचतो का, असं विचारता. बीटा-ग्लुकान हा मोठा रेणू, त्यानं तिथवर जायलाच हवं असं कुठंय? प्रतिकार करणाऱ्या पेशींवर डेक्टिन-1 नावाचं कुलूप असतं, त्यात तो किल्लीसारखा बसतो, आणि आतड्यालगत अशा पेशींची दाटी असते. पुढचं पुढे.

जपानच्या चाचणीतली ती 30 माणसं 50 ते 80 वयाची होती, विसराळूपणा सुरू झालेली. 2009 मध्ये छापून आलेली चाचणी, 16 आठवडे, रोज 3 ग्रॅम हेरिसियमची पूड. 30 म्हणजे कमी, असेल. पूड बंद केल्यावर 4 आठवड्यांनी त्यांचे बुद्धीच्या चाचणीतले वाढलेले गुण घसरले, ते मी लिहिलं नाही म्हणता. लेख आधीच लांबला होता.

माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं मला ओळखत नव्हत्या. माहेर गोकाककडचं, त्यामुळे हळूहळू मराठी गळून गेलं आणि कानडी तेवढी राहिली. सकाळी टोपलीत हात घालून विचारायच्या, “अणबे?”, म्हणजे कानडीत अळंबी. मी म्हणायचे, हो, अणबे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका नातेवाइकानं पुण्याहून रेशीच्या कॅप्सुला आणून दिल्या, मेंदूला चांगल्या म्हणून. सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, आणि रेशीनंही रक्त गोठायला उशीर होऊ शकतो. मी ती बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं, त्यावरून घरात महिनाभर धुसफूस झाली. अर्क खपवायचा असता तर पहिलं गिऱ्हाईक चुलीपाशीच बसलेलं होतं, सर. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात गोळ्या चालू असणाऱ्यांना ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका’ असं सांगितलंय, ते या बाटलीमुळे. तिथवर तुम्ही पोचलात की नाही, तुम्हालाच ठाऊक.

हेरिसेनोनची ओळ आज सकाळी दुरुस्त केली आहे. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, ‘भाजीवाल्यांनी’सकट तशीच ठेवली आहे.