आहाराचा सल्ला फोनवरच बरा

"समोर बसल्याशिवाय कसला आलाय आहाराचा सल्ला?" असं परवा नाशिकच्या कॉलेज रोडला एका नातलगाने ऐकवलं. माझं मत नेमकं उलट आहे. दवाखान्यात आपण आठवून आठवून सांगतो, घरून बोलताना डबा उघडून दाखवता येतो.

सिडकोतल्या आमच्या मावशीला मधुमेह आहे. आहारतज्ज्ञ बाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "काकू, भाजीला दोन चमचे तेल म्हणालात ना, तो चमचा दाखवा बरं." मावशीने दाखवली पळी! मग महिन्याचा हिशोब निघाला. 5 लिटरचा डबा आणि खाणारी 4 माणसं, म्हणजे माणशी रोज 40 मिलीच्या वर. दवाखान्यात हीच मावशी "आमच्याकडे तेल बेताचंच हो" म्हणायची, अगदी मनापासून.

पुढचा प्रश्न उपवासांचा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे कडक. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्यात ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन दुपारपर्यंत पोटात काही नसेल तर साखर धाडकन खाली येऊ शकते. बाईंनी गोळीला स्वतः हात लावला नाही, डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. इथे मी त्यांना पैकीच्या पैकी दिले. रविवारची मिसळही बंद केली नाही (केली असती तर मावशीने फोनच ठेवला असता). मटकी जास्त, तर्री कमी, दुसरा पाव नको, एवढंच.

आता सल्ला देणाऱ्यांची दुसरी जात. पैसे घ्यायचे आणि एकच पीडीएफ सगळ्यांना ढकलायची. त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते. आपल्या सुरगाणा-पेठकडे पिकणारी, 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम देणारी नागली (नाचणी) मात्र औषधालाही नसते. याला समुपदेशन म्हणू नका.

आणि फोन सगळीकडे चालत नाही, हेही खरं. पाड्यावरच्या लहान मुलाचा दंडघेर 11.5 सेंमीच्या खाली गेलाय का, पायावर सूज आहे का, ही तीव्र कुपोषणाची लक्षणं अंगणवाडी ताईने टेप लावून, अंगठ्याने दाबूनच बघायची. तिथे रेंज मिळाली तरी कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नये.

शहरात मात्र हे वाढलं पाहिजे. आहारतज्ज्ञांना एकच विनंती: एका कॉलवर थांबू नका, पंधरा दिवसांनी परत करा. तोही स्वयंपाक आटोपल्यावर, दुपारी दोननंतर. आणि पेशंटशी बोलून झालं की फोन सूनबाईंकडे द्यायला सांगा, फोडणी त्याच घालतात.