हुतात्मे तीन नव्हे, चार

सोलापूरच्या हुतात्म्यांची तीनच नावं असलेला एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि मेसेजमधून गाळलेले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत. (संपादकाचंच नाव छापताना गळावं, हे जरा अतिच झालं.) मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढे एकाच खटल्यात या चौघांना शिक्षा झाली. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. इंग्रजांनी कुणाला वगळलं नव्हतं. खात्री करायची तर चार हुतात्मा चौकात जाऊन पुतळे मोजा. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर चौथं नावही टाका.